पदराखाली ठरलेली जागा

प्रमोदिनीबाईंना एक काळजी चिकटली होती, आणि ती काही केल्या सुटत नव्हती. कुणाला सांगायला जावं तर समोरचा आधी हसायचा. त्यांची मुलगी स्वराली जमिनी विकायची, आणि तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या शेजारणींच्या मुली बँकेत होत्या, शाळेत होत्या, दोघी-तिघी पुण्यात कॉम्प्युटरवर होत्या. त्यांचं काम एका वाक्यात सांगता यायचं. स्वरालीचं सांगायला बसलं की चहा निवायचा. बी.कॉम. झाल्यावर ती एका बिल्डरच्या ऑफिसात चिकटली होती. तिथून बाहेर पडून तिनं स्वतःचं सुरू केलं, तेही असं की ना दुकान ना पाटी. कुणाला जागा विकायची असेल तर ती मालकाकडे जायची, भाव ठरवायची, विसार देऊन काही महिन्यांच्या मुदतीचा करार करायची. त्या मुदतीत पुढचं गिऱ्हाईक शोधायचं आणि खरेदी थेट मालकाकडून त्याच्या नावावर करून द्यायची. मधे जे उरेल ते तिचं. हे ती मालकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, की जागा मी ठेवणार नाही, पुढं देणार आहे.

"आणि गिऱ्हाईक मिळालंच नाही तर?" प्रमोदिनीबाई विचारायच्या.

"तर विसार गेला. पण मिळतं गं. एजंट आहेत ना."

काळजीचं मूळ तिथंच होतं. मच्छे गावचा एजंट कारखान्याच्या शेडसाठी जागा बघणारी माणसं आणायचा, सांबऱ्याचा विमानतळाकडचे प्लॉट सांगायचा, निपाणीचा हायवेलगतच्या जमिनी दाखवायचा. यांच्याशी स्वरालीचा एका ओळीचा कागद नव्हता. सगळं तोंडावर. उद्या या माणसांनी फोन उचलायचा बंद केला तर पोरीच्या हातात काय राहणार, हा विचार प्रमोदिनीबाईंच्या मनात भाजी चिरताना यायचा, देवापुढं वात लावताना यायचा, आणि अंथरुणाला पाठ टेकली की हटकून यायचा.

आरंभीचं वर्ष त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वराली कार्ड छापून गावोगावच्या एजंटांकडे जाऊन आली. सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला, बेळगावात कुठल्या गल्लीत घर म्हणून चौकशी केली, आणि एकानंही एक जागा सांगितली नाही. या भागात जागा कुठं आहे हे एजंट सहज सांगत नाही. सांगितलं की ती गेली. समोरचा सरळ मालकाच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून इथं एक रीत आहे: जागा ज्यानं पहिल्यांदा दाखवली, त्याचा वाटा. मग तो पुढं बैठकीला असो नसो, आजारी पडो, गाव सोडून जावो. ही रीत मोडणाऱ्याला पुन्हा कुणी काही दाखवत नाही. स्वरालीनं रीत पाळली असती, पण दाखवणारंच कुणी नव्हतं.

ती आत शिरली ती स्वयंपाकघराच्या वाटेनं.

त्याचं असं झालं. मच्छ्याच्या त्या एजंटाची, यल्लाप्पाची, एक जागा वर्षभर अडकली होती. भाऊ विकायला तयार, गिऱ्हाईक तयार, पण लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही होत नव्हती. वडिलोपार्जित जागेत बहिणीचाही हिस्सा, तिच्या सहीशिवाय कागद पुढं सरकत नाही. यल्लाप्पा तीनदा तिच्या सासरी जाऊन आला होता आणि तिन्ही वेळा बाहेरच्या सोप्यावर बसून चहा पिऊन परतला होता. परक्या घरच्या बाईशी तो बोलणार किती? स्वराली त्याला म्हणाली, "मला न्या. नाही जमलं तर मीही चहा पिऊन येईन."

ती त्या घरात गेली, थेट आत गेली, आणि दुपारभर आतच होती. त्या बाईची सहीला ना नव्हती. जागेला काय भाव येतोय आणि त्यातलं तिचं किती, एवढंच तिला हवं होतं. ते तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणत होते, तू फक्त सही कर. स्वरालीनं तिला आकडा सांगितला, बाहेर येऊन तोच आकडा तिच्या भावासमोर पुन्हा सांगितला, आणि दोघांना एकमेकांकडे बघत बसू दिलं. महिन्याच्या आत खरेदी झाली.

नंतर एजंटांचे फोन सुरू झाले. सगळीकडे जमलं असंही नाही. एकदा तर तीन दिवस फिरून ती यल्लाप्पाला म्हणाली, तिथल्या बहिणी सही करणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. यल्लाप्पा फोनवर कन्नडमधून इतका भडकला की शेजारच्या खोलीत प्रमोदिनीबाईंना शब्द न कळता राग कळला. आठवड्यानं त्याचाच फोन आला, आणखी एका बहिणीसाठी. या पोरीनं हो म्हटलं तर हो असतं, हे त्याला त्या नाहीतून कळलं होतं. आता पन्नाशीचे बाप्ये तिला 'आक्का' म्हणायचे. फोन स्पीकरवर असला की प्रमोदिनीबाईंना ते ऐकून हसूही यायचं आणि धास्तीही वाटायची. आज आक्का म्हणतायत. उद्या?

हे सगळं मुलीच्या तोंडून ऐकताना एक गोष्ट मात्र प्रमोदिनीबाई तिला सांगत नव्हत्या. त्यांचा धाकटा भाऊ विक्रम निपाणीला वडिलांचं शेत विकत होता, आणि त्यांनाही त्याचा निरोप आला होता: आक्का, तू फक्त सही करून जा. बाकी मी बघतो. त्या बरं म्हणाल्या होत्या. भाऊ काही वाईट नव्हता. दिवाळीला साडी यायची, आईच्या आजारपणात त्यानंच सगळं केलं होतं. भावाला आकडा विचारायचा कसा, जीभच रेटत नव्हती. शिवाय हे घरातलं, ते मुलीच्या धंद्यात कशाला न्यायचं?

गेल्या शुक्रवारी स्वराली निपाणीला निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, मलाही मामाकडे सोड, एका कागदाचं काम आहे. स्वरालीनं गाडीची किल्ली हातात घेता घेता त्यांच्याकडे पाहिलं. कसला कागद, हे तिनं विचारलं नाही. संकेश्वर मागं गेलं तरी विचारलं नाही.

नोंदणी कचेरीत विक्रम आणि प्रमोदिनीबाई अकरापासून बाकावर बसून होते. हक्कसोड पत्र तयार होतं, साक्षीदार तयार होते, आणि सर्व्हर बंद होता. दुपारी कारकुनानं हात झटकले, आता सोमवारी या. विक्रमला कोल्हापूरला जायचं होतं, तो घड्याळ बघत होता. प्रमोदिनीबाईंनी मुलीला फोन लावला. थोड्याच वेळात स्वरालीची जुनी गाडी दारात आली, आणि पुढच्या सीटवर हातात काठी घेतलेला, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकलेला एक म्हातारा बसला होता. हा रायाप्पा. निपाणीचा एजंट. जन्मभर तंबाखूची दलाली केलेला, आणि तो धंदा उतरल्यावर जमिनीत आलेला माणूस.

मागच्या वर्षी त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तो चार महिने खाटेवर होता. त्यानं दाखवलेली एक जागा त्याच दिवसांत विकली गेली. यल्लाप्पा तेव्हा स्वरालीला म्हणाला होता, म्हातारा झोपलाय, वाटा कशाला लावायचा? स्वराली त्याचा वाटा त्याच्या खाटेपाशी देऊन आली होती. प्रमोदिनीबाईंना हे माहीत होतं ते रायाप्पाची बायको एकदा फोनवर रडली होती म्हणून. मुलीनं कधी सांगितलं नव्हतं.

"आईसाब, तुमी माळ्याच्या विहिरीजवळच्या मास्तरांच्या लेक न्हवं?" गाडी हायवेला लागल्यावर रायाप्पा मागं वळून म्हणाला. "तुमच्या वडलांनी मला चौथीला मारलंय." मग डाव्या हाताला काठीनं दाखवलं. "ते बघा. ते मास्तरांचं रान. त्या लिंबाच्या झाडापास्नं ते पार वड्यापतूर."

प्रमोदिनीबाईंनी काच खाली केली. त्यांना वाटत होतं त्याच्या दुपटीनं मोठं शेत होतं. लहानपणी पाहिलेलं, पुढं कधी पाहिलंच नाही. आत्तापर्यंत त्या हायवेनं शेकडो वेळा गेल्या असतील, पण हेच ते हे कुणी दाखवलं नव्हतं. स्वराली आरशातून एकदा बघून पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली.

बेळगावला परतण्याआधी स्वरालीला अक्काताईंकडे बैठकीला जायचं होतं; त्यांचं घर हायवेच्या पलीकडे होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा अतुल बेंगळुरात. घरामागं त्यांची तंबाखूची जुनी वखार आणि मोकळं आवार, तेच विकायचं होतं. दहा दिवस स्वराली इथं ये-जा करत होती. आज भाव ठरायचा होता. सोप्यावर अक्काताईंचा पुतण्या युवराज होता, मच्छ्याहून यल्लाप्पा आला होता, कारण पुढचं गिऱ्हाईक त्याच्या माहितीतलं होतं. अक्काताई उंबऱ्याच्या आत पाटावर बसून शेंगा फोडत होत्या. प्रमोदिनीबाईंना त्यांनी हातानंच आपल्याजवळ बोलावलं आणि मूठभर शेंगा समोर ठेवल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या पट्ट्यातले जुने दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. जनावरांच्या बाजारात चालतं तसं, टॉवेल पसरायचा, दोघांनी खालून हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती माणसं बसलेली असतात, सगळ्यांना दिसतं की सौदा चाललाय, कळत कुणालाच नाही. तंबाखूतून ही सवय रायाप्पासारख्यांच्या जमिनीत आली. आणि टॉवेलखाली बाईनं परक्या पुरुषाचा हात धरायचा कसा? स्वराली नवी होती तेव्हा एका बैठकीत तिनं सरळ हात पुढं केला होता. मालकानं टॉवेल उचलून खांद्यावर टाकला, आणि ती जागा गेली. त्या दिवसापासून तिच्या वतीनं रायाप्पा हात घालायचा. बोटांची भाषा त्यानं तिला शिकवली होती, तीही बायकोला मधे बसवून. तो बायकोची बोटं दाबायचा, बायको तशीच स्वरालीची दाबायची. म्हातारी म्हणे हसून हसून बेजार व्हायची.

त्या दिवशीही रायाप्पानं टॉवेल झटकून मांडीवर घेतला. युवराज पुढं सरकला. काकूंच्या वतीनं तोच हात घालणार हे ठरलेलंच होतं. काका गेल्यापासून घरातलं सगळं त्याच्याच हातून ठरत आलं होतं.

"अण्णा, थांबा," स्वराली म्हणाली. "आज मी काकूंशीच बोलते."

युवराज हसला. "बोला की. काकू शेंगांचा भाव चांगला सांगतील."

यल्लाप्पानं नजर जमिनीला लावली. हीच ती वेळ, प्रमोदिनीबाईंना वाटलं. इथून माणसं उठून जाणार. रायाप्पा टॉवेल खांद्यावर टाकणार, दहा दिवसांचं काम मातीत जाणार, आणि हा किस्सा संध्याकाळपर्यंत सांबऱ्यापर्यंत पोचणार. पोरी, गप्प बस, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

स्वराली उठली, उंबरा ओलांडून आत आली आणि अक्काताईंच्या समोर जमिनीवर बसली. म्हणाली, "काकू, जागा तुमची. मी ती ठेवणार नाही, पुढं देणार आहे, मधलं माझं, हे तुम्हाला सांगितलंय. भाव तुम्हाला कळूनच ठरू दे."

अक्काताईंनी मांडीवरचा शेंगांचं ताट बाजूला सारलं. हातांवरची टरफलं झटकली. त्यांनी एकदा युवराजकडे पाहिलं, मग रायाप्पाकडे, आणि रायाप्पा हळूच म्हणाला, "मला काय बघता, आक्का? टॉवेल बाप्यांचा. तुमाला पदर हाय की."

अक्काताईंनी पदर सोडला, तो दोघींच्या मांडीवर पसरला, आणि खाली हात घातला.

प्रमोदिनीबाई हातभर अंतरावर होत्या. त्यांना पदराची किनार तेवढी दिसत होती, थोडी हलणारी. अक्काताई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचे यजमान म्हणे बाजारातून आल्यावर रात्री त्यांच्या हातावर दिवसभराचे सौदे पुन्हा करून दाखवायचे, गंमत म्हणून. चाळीस वर्षांत त्यांनी शेकडो सौदे असे अंगावर घेतले होते, एकही स्वतः केला नव्हता. पदर हलायचा, थांबायचा. एकदा अक्काताईंनी मान जोरात नाकारार्थी हलवली. स्वराली थांबली, बराच वेळ थांबली. आपल्या मुलीचा चेहरा प्रमोदिनीबाईंनी इतका वेळ सलग कधी पाहिला नव्हता. त्यावर घाई नव्हती, लोभ नव्हता, भीती तर नव्हतीच. लहानपणी गणित सोडवताना दिसायची तशी ती दिसत होती, आणि तशी मुळीच दिसत नव्हती. ही कुणीतरी मोठी बाई होती, आणि ती आपल्या घरात राहते, आपल्या हातची भाकरी खाते, याचंच त्यांना नवल वाटलं.

मग अक्काताई एकदम हसल्या. तोंडभर, दात नसलेल्या बाजूसकट.

"ठरलं?" रायाप्पानं बाहेरून विचारलं.

"ठरलं."

"किती, काकू?" युवराज म्हणाला.

अक्काताईंनी पदर खांद्यावर घेतला. "तुला का सांगू रं? तुझ्या टॉवेलाखालचं तू मला कवा सांगितलंस?"

रायाप्पा इतका हसला की त्याला खोकला आला. यल्लाप्पा हसला, आणि थोड्या वेळानं कान लाल झालेला युवराजही. मग तोच उठून आत गेला आणि सगळ्यांसाठी गूळ घेऊन आला. विसार दिला गेला, करार उद्या करायचं ठरलं. निघताना अक्काताईंनी शेंगांची पिशवी प्रमोदिनीबाईंच्या हातात दिली आणि विचारलं, तुमची लेक का? त्या हो म्हणाल्या. आवाज चोरटा आला.

गाडीपाशी यल्लाप्पा स्वरालीला म्हणाला की चिकोडीकडे त्याच्या ओळखीची एक म्हातारी आहे, दोन सुना आहेत, तिथं त्याला आजवर कुणी आत घेतलं नव्हतं. येशील का? रायाप्पानं लगेच काठी उचलली. त्या जागेकडं मी नेलतो यल्लाप्पाला, माझं नाव धर. दोघं तिथंच भांडायला लागले, आणि स्वरालीनं दोघांचं ऐकून घेऊन सांगितलं की पहिला वाटा रायाप्पा अण्णांचा, मग यल्लाप्पाचा, मग तिचा. भांडण संपलं. कागद काढला नाही, कुणी मागितलाही नाही.

परतीच्या वाटेवर लिंबाचं झाड पुन्हा आलं. प्रमोदिनीबाईंनी ते झाड दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. या माणसांनी पोरीचा फोन उचलायचा बंद केला तर, ही तीन वर्षांची काळजी त्यांनी मनात चाचपून पाहिली. ती होती, पण आता ती त्यांना जरा अडाणी वाटत होती. दुसरीच एक गोष्ट टोचायला लागली होती. गावोगावच्या बहिणींना आपली मुलगी आकडा कळवत फिरते, आणि आपण मात्र न विचारता सही करायला निघालो होतो.

रविवारी संध्याकाळी विक्रमचा निरोप आला. उद्या सर्व्हर सुरू होईल म्हणतायत, आक्का, अकराला ये, फक्त सही करून जा. प्रमोदिनीबाईंनी तो दोनदा वाचला. शेजारच्या खोलीत स्वराली कुणाशीतरी कन्नडमधून बोलत होती, मधेच हसत होती. हाक मारली असती तर ती आली असती.

पण त्या हाक मारायला गेल्या नाहीत. विक्रमला त्यांनी एवढंच कळवलं की उद्या येत नाही, आधी तुझ्याशी बोलायचंय. मग त्या खुर्चीत बसून विचार करत राहिल्या. मुलीला सरळ सांगितलं तर ते घरातलं होईल, आणि मुलगी आईची कीव करील. शिवाय रीत होती. ते शेत त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा दाखवलं कुणी? स्वरालीनं नाही, विक्रमनंही नाही. काठी उचलून, झाडापासून ओढ्यापर्यंत, ज्यानं दाखवलं होतं, वाटा त्याचा. लेकीनं खाटेवरच्या माणसाचा वाटा पोचवला होता. आईनं तो बुडवायचा?

एजंटांचे नंबर सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलीनंच लिहून ठेवलेले होते, काही झालंच तर आईला असावेत म्हणून. प्रमोदिनीबाईंनी चष्मा लावला. रायाप्पाचं नाव दुसऱ्या ओळीत होतं. आपण स्वरालीची आई बोलतेय असं सांगायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. सांगायचं की अण्णा, मास्तरांच्या रानातली एक बहीण बोलतेय. सही अडलीय. तुमच्याकडे ती बेळगावची पोरगी आहे ना, तिला माझ्या स्वयंपाकघरात पाठवा.

त्यांनी आतल्या खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं आणि नंबर लावला.